सृष्टिसौंदर्य पाहण्यास जाणे योग्य आहे काय?

अलीकडे मुंबई-पुण्याकडील पुष्कळ कुटुंबे सुटीत स्वित्झर्लंड देशास जातात व तेथील सरोवरे, हिमशिखरे व घाटरस्ते मोटारीतून पाहून परत येतात. आपल्या खेड्यांतील मंडळ्यांतून अशी सफर करणारे क्वचितच. तरी कोणाचा मुलगा शहरात नोकरीस असतो, तो जाऊन येतो, आणि मग घरात प्रश्न निघतो की, केवळ डोंगर व पाणी पाहण्याकरिता एवढा पैसा खर्चणे ख्रिस्ती मनुष्यास शोभते काय? एक म्हणतो, हा देहाचा विलास होय. दुसरा म्हणतो, देवाची कृत्ये पाहणे हीही उपासनाच. दोघांनाही शास्त्राचा आधार सापडतो. मला वाटते, हा प्रश्न त्याच देशातील एका वाटेवर नेऊन तपासावा. कारण तेथे तो नऊशे वर्षांपूर्वीच उपस्थित झाला आहे.

ही वाट जिनिव्हा सरोवराच्या उत्तर काठाने लोझान शहरावरून पूर्वेकडे जाते, पुढे ऱ्होन नदीच्या खोऱ्यात शिरते, आणि मार्टिनी गावापासून तिचा एक फाटा दक्षिणेस ग्रेट सेंट बर्नार्ड नावाच्या घाटावर चढतो. सरोवर सुमारे ७३ किलोमीटर लांब आहे व पलीकडच्या तीरावर आल्प्स पर्वत थेट पाण्यातून वर उठल्यासारखे दिसतात. इतके मोठे पाणी वाटसरूच्या दृष्टीतून सुटावे कसे?

पण ते सुटले. क्लेर्वो येथील मठाधिपती बर्नार्ड (१०९०–११५३) हा आपल्या सोबत्यांसह एकदा दिवसभर या सरोवराच्या काठाने प्रवास करीत गेला. संध्याकाळी मुक्कामावर सोबती सरोवराविषयी बोलू लागले, तेव्हा त्याने विचारले, कोणते सरोवर, ते कोठे आहे? सर्वांस मोठे आश्चर्य वाटले. त्याच्या चरित्रकाराने ही गोष्ट स्तुती म्हणून सांगितली आहे. त्याचे मन देवाच्या चिंतनात इतके बुडाले होते की बाहेरचे काही त्यास दिसलेच नाही, हा तिचा अर्थ. त्याच चरित्रात दुसरीही गोष्ट आहे. बर्नार्ड एका मठास भेट देण्यास गेला असता तेथील प्रमुखास त्याच्या घोड्यावरील उंची खोगीर पाहून वाईट वाटले. परंतु बर्नार्डाने ते मागून आणलेले होते, व वाटभर त्यावर बसूनही ते कसे आहे याकडे त्याचे लक्षच गेले नव्हते.

लूथरास या साधूविषयी आदर होता, व मलाही आहे. खोगिराची गोष्ट मी मनापासून मान्य करतो. सरोवराच्या गोष्टीपाशी मात्र माझे मन अडते. खोगीर हा मनुष्याचा डामडौल. त्याकडे दृष्टी न जाणे ही मुक्तता होय. सरोवर मनुष्याने मिरविण्यासाठी केलेले नाही. ज्याने ते केले त्याचेच चिंतन करीत असता त्याने केलेले न दिसावे, यात काही तरी विसंगत आहे. आपल्या प्रभूने शिष्यांस आकाशातील पाखरांकडे व रानातील फुलांकडे लक्ष देण्यास सांगितले. आणि ती फुले कोणा राजाच्या बागेतील नव्हती, तर उद्या भट्टीत जळणाऱ्या गवतातील होती.

याच सरोवराच्या पश्चिम टोकास जिनिव्हा शहरी कॅल्व्हिन १५४१ पासून १५६४ साली मरण पावेपर्यंत राहिला. तो चैनी होता असे त्याचे शत्रूही म्हणणार नाहीत. तरी त्याच्या मोठ्या ग्रंथात हे जग म्हणजे देवाच्या गौरवाची रंगभूमी होय असा विचार आहे. आणि तो असेही शिकवितो की, वनस्पतींस रंग व सुगंध दिले ते केवळ आपली गरज भागावी म्हणून नव्हे, तर आपणांस आनंद व्हावा म्हणूनही. गरजच पाहावयाची तर फुलास रंग कशाला? मला या मुद्द्याचे खंडन अद्याप सुचलेले नाही.

गंमत अशी की, लोझानच्या पूर्वेस लाव्हो नावाची जी उतरण आहे, तेथे बाराव्या शतकात बर्नार्डाच्याच पंथाच्या मठवासीयांनी दगडी ताली घालून द्राक्षमळे लावले. तेथील शेतकरी म्हणतात, आमच्या वेलींस तीन सूर्य आहेत: एक आकाशातला, दुसरा सरोवरातून परतणारा, तिसरा तापलेल्या ताल-भिंतीतला. ज्याने कधी टेकडीवर ताल घातली आहे, त्यास हे सांगावयास नको की पाणी, ऊन व उतार निरखल्यावाचून ते काम होत नाही. गुरूने जे पाहिले नाही ते त्याच्या बंधूंनी रोज पाहिले, आणि त्यांची प्रार्थना त्यामुळे उणी झाली असे मला वाटत नाही.

तथापि कोणी याच्या पुढे जाऊन म्हणेल की, ज्यास सौंदर्य दिसत नाही त्याचे हृदय कठोर असते, तर तेही खरे नव्हे. ११४६ साली ऱ्हाइन नदीकाठी एका संन्याशाने लोकांस चिथावून यहूद्यांची कत्तल चालविली, तेव्हा हाच बर्नार्ड स्वतः तेथे गेला व त्याने त्या संन्याशास गप्प बसविले. (धर्मयुद्धाचा उपदेशही त्यानेच केला होता, हे विसरता येत नाही.) सरोवर न पाहणाऱ्यास माणसाचा आक्रोश ऐकू आला.

आता घाट चढू. २,४६९ मीटर उंचीवर, एका लहान सरोवराच्या काठी, धर्मशाळा आहे. ती बांधणारा बर्नार्ड निराळा. तो अकराव्या शतकात आओस्ता येथील धर्माधिकारी होता. त्याने हा डोंगर वाटसरूच्या दृष्टीने पाहिला: बर्फ, लुटारू, थंडीने मेलेली माणसे. स्तोत्र १२१ आपण सृष्टिशोभेचे म्हणून वाचतो. पण ते यात्रेकरूचे गीत आहे, आणि वाटेवरचा मनुष्य डोंगराकडे पाहतो तो बहुधा भयाने, साहाय्य कोठून येईल या विचाराने. सुमारे हजार वर्षे या घरातील बंधूंनी येणाऱ्यास आसरा दिला. रोमन मताशी आपला भेद असो. या कामाशी नसावा. त्यांच्या कुत्र्यांपैकी बॅरी नावाच्या कुत्र्याने चाळिसाहून अधिक जीव वाचविले असे सांगतात. १९६४ साली घाटाखालून बोगदा झाला, तरी वरची धर्मशाळा चालू आहे.

मग प्रश्नाचे उत्तर काय? माझ्या मते जाण्यास हरकत नाही, व आनंद मानण्यासही नाही. कर्ज काढून किंवा मंडळीची वर्गणी चुकवून जाणे ही वेगळी गोष्ट. परंतु पाण्यापाशी थांबलेल्या डोळ्याने अद्याप सर्व पाहिलेले नसते. त्याच ऱ्होन खोऱ्यात पुढे गेल्यास सास नावाची दरी लागते व तिच्या माथ्यावर मातमार्क सरोवर आहे. त्याचे पाणी हिरवट, दुधाळ दिसते, कारण हिमनदी खडक दळून त्याचे पीठ त्यात सोडते. हे सरोवर धरणाने झालेले आहे. धरण बांधणाऱ्या मजुरांच्या चाळी व कारखाने आलालिन हिमनदीच्या अगदी खाली ठेविले होते. ३० ऑगस्ट १९६५ रोजी हिमनदीचा मोठा भाग तुटून त्यांवर कोसळला व ८८ माणसे मेली. त्यांपैकी ५६ इटलीहून पोटासाठी आलेली होती. १९७२ साली खटला चालला. सतराही आरोपी निर्दोष सुटले. मृतांच्या नातलगांनी वर दाद मागितली, ती फेटाळली गेली, आणि न्यायालयाचा निम्मा खर्च त्यांच्यावरच बसविण्यात आला.

आज त्या सरोवराभोवती पायी फिरण्याची वाट आहे व उन्हाळ्यात पुष्कळ लोक ती चालतात. मृतांच्या स्मरणार्थ तेथे एक शिळाही आहे.