दुखणं सांगण्याची मुभा

संधिवात झालेल्या माणसाची सकाळ बोटांपासून सुरू होते. मूठ वळत नाही, गॅसचं बटण दाबून फिरवता येत नाही, दुधाची पिशवी कापायला कात्री धरवत नाही. तासाभराने सांधे जरा सैल होतात, पण तोवर मन पुष्कळ पुढे निघून गेलेलं असतं. हे वाढतच गेलं तर? नोकरी सुटली तर? आणि मलाच का?

संयुत्तनिकाय या बौद्ध ग्रंथातल्या सल्लसुत्तात नेमकं हेच सांगितलं आहे. शरीराची वेदना हा एक बाण. तिच्यापायी छाती पिटून आक्रोश करताना लागतो तो दुसरा. पहिला बाण खुद्द बुद्धांनाही चुकला नाही. पाठ दुखत असल्याने त्यांनी प्रवचन आपले शिष्य सारिपुत्त यांच्याकडे सोपवल्याचं त्रिपिटकात नोंदलेलं आहे. या आजारासोबत जगताना मला हा उपदेश उपयोगी पडला. कळ उठली की तिच्याकडे नुसतं पाहायचं: मनगटात आहे, ठसठसते आहे, आता किंचित ओसरली. कळ तेवढीच राहते, पण पुढच्या वीस वर्षांची धास्ती तिच्यापासून सुटी होते. पुढे विपश्यनेचे आचार्य झालेले सत्यनारायण गोयंका अर्धशिशीने बेजार होऊन १९५५ साली ब्रह्मदेशात ध्यानगुरू ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा निव्वळ डोकेदुखी घालवायला यायचं असेल तर येऊ नका, असंच त्यांना ऐकावं लागलं. विपश्यनेच्या शिबिरासाठी इगतपुरीला निघालेल्या रुग्णाने एवढं ध्यानात ठेवावं. गोळ्या बंद करण्याची ती वाट नव्हे.

मला खटकतो तो या उपदेशाचा घरोघरी होणारा वापर. ‘मन शांत ठेव, सगळं मनावर असतं’ असं म्हटलं की ऐकवणारा मोकळा होतो आणि आजाऱ्यावर आजाराच्या जोडीला शांत दिसण्याची जबाबदारी येऊन पडते. त्यावर कडी म्हणजे ‘मागच्या जन्मीचे भोग’. सगळ्या वेदना पूर्वकर्मातून येतात का, असं सीवक नावाच्या परिव्राजकाने बुद्धांना विचारलं होतं. पित्त, कफ, वात, ऋतुबदल, आघात यांनीही त्या होतात, हे जगाला ठाऊक आहे, असं बुद्धांनी त्याला उत्तर दिलं. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनीही गतजन्मीच्या कर्माची कल्पना बुद्धांच्या माथी मारायला ठाम विरोध केला. तरीही बौद्ध विचाराच्या नावाने रुग्णाला अपराधी ठरवलं जावं, याचा मला संताप येतो.

विनयपिटकात अतिसाराने मलमूत्रात पडलेल्या एका भिक्षूची कथा आहे. कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. बुद्धांनी त्याला मन शांत ठेवण्याचा उपदेश केला नाही. पाणी मागवलं, शिष्य आनंदाच्या मदतीने त्याला धुतलं, उचलून बिछान्यावर निजवलं. मग भिक्षुसंघाला बजावलं की माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी. पुढे, कोणत्या आजाऱ्याची शुश्रूषा सोपी जाते याची लक्षणं येतात. तो औषध घेतो, वेदना सोसतो आणि शुश्रूषा करणाऱ्याला आपलं दुखणं जसं आहे तसं सांगतो: वाढलं तर वाढलं, उतरलं तर उतरलं. म्हणजे सोसणं आणि सांगणं एकाच यादीत आहेत. ‘कशी आहेस?’ या प्रश्नाला दरवेळी ‘बरी आहे’ एवढंच उत्तर देण्याची सक्ती तिथे कुठेच नाही.