पेन्शन कुणाची?



घरात दोघेच म्हातारे. घर नवऱ्याच्या पेन्शनवर चालते. बायको आधी गेली, तर त्याच्या पेन्शनमधला एक रुपयाही कमी होत नाही. तो आधी गेला, तर तिच्या हाती मात्र कमी पैसे येतात. दुःख सारखेच, हिशेब वेगळा. हे न्यायाचे आहे का?

नियम पाहू या. जुन्या सरकारी पद्धतीत पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी असते. विधवेला, आरंभीच्या काही वर्षांचा वाढीव दर सोडला, तर पगाराच्या ३० टक्के मिळतात. म्हणजे महागाई भत्ता वेगळा ठेवून, २०,००० रुपयांच्या जागी १२,०००. खासगी कारखान्यांसाठीच्या १९९५ च्या योजनेत विधवेला साधारणपणे पतीच्या पेन्शनच्या निम्मे मिळतात. तिथे २०१४ मध्ये ठरलेली किमान पेन्शन दरमहा १,००० रुपये. आणि लग्न न करता आईवडिलांची सेवा करणाऱ्या धडधाकट मुलीला या योजनेत पंचविशीनंतर काहीच नाही.

कुणी म्हणेल, एक माणूस कमी झाले, खर्चही कमी झाला. भात कमी शिजेल, खरे. पण घरपट्टी आणि डॉक्टरची फी निम्मी होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. न्याय म्हणजे ज्याचे त्याला देणे. पेन्शन पगारावर ठरते. मग जिने पगार मिळवला नाही, तिचा हक्क कसला? पण तो पगार तरी एकट्याचा होता का? पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या आपल्या परिपत्रकात मजुरीचे माप सांगताना कामगाराबरोबर त्याची बायकामुलेही धरली. पहाटे उठून डबा करणारी, सासूसासऱ्यांचे दुखणे काढणारी घरात होती, म्हणून तो पाळीवर वेळेवर पोचला. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात स्पष्ट केले, की पेन्शन ही मेहेरबानी नव्हे; केलेल्या सेवेतून आलेला तो हक्क आहे. ती सेवा दोघांची होती.

आरंभीच्या ख्रिस्तसभेतही रोजच्या वाटपात काही विधवांची उपेक्षा होत होती. प्रेषितांनी त्यांना नुसता धीर दिला नाही. सात जण नेमले आणि वाटपच सुधारले.

सरकारी नियम आपण एका रविवारी बदलू शकत नाही. घरातले वाटप मात्र आपल्या हातात आहे. पेन्शनच्या कागदांवर पत्नीचे नाव नीट आहे ना, हे पती हयात असतानाच पाहू या. आईचे पासबुक आईच्याच हाती राहू देऊ या. बिनलग्नाच्या आत्याला औषधासाठी हात पसरावा लागू नये, म्हणून दरमहा ठरावीक रक्कम न मागता देऊ या. आणि देताना 'मदत' म्हणू नये. ते तिचे येणे आहे.