चाकूची मूठ

अप्पांचा घडीचा चाकू आईच्या ट्रंकेत सापडला तेव्हा उघडतच नव्हता. शेफील्डचा, पात्यावर रॉजर्सची चांदणी आणि क्रॉस. आम्हां भावंडांच्या पेन्सिली त्यानंच तासल्या, उसाची कांडी त्यानंच सोलली. सांध्यात शिलाई मशीनचं तेल सोडून दोन दिवस ठेवला, तिसऱ्या दिवशी पातं निघालं. गंज बारीक पॉलिशपेपरनं घासला, मुठीवरचा मळ जुन्या टूथब्रशनं काढला. मूठ सांबरशिंगाची, असं अप्पा सांगत. ते ऐकताना कधी टोचलं नव्हतं. शिंगं गळून पडतात, पुन्हा येतात. मुनिमहाराजांची पिंछीसुद्धा मोरानं टाकलेल्या पिसांचीच की!

धार लावायला खडे बाजारात नेला. म्हाताऱ्या कारागिरानं मूठ उजेडात धरली. "शिंग नव्हे हो बाई, हाड आहे. शिंगासारखं कोरलंय. हे बारीक काळे ठिपके बघा."

हाड काही आपणहून गळत नाही.

सूर्यास्तानंतर पाणी न पिणारे, कांदा-बटाटा घरात येऊ न देणारे अप्पा चाळीस वर्षं हे खिशात घेऊन फिरले! आईला सांगितलं, तर म्हणाली, "कुणी विचारलंच नाही कधी. त्यांनीही नाही."

कृत, कारित आणि अनुमोदना, असे हिंसेचे तीन भाग आपण लहानपणापासून ऐकतो. ते जनावर मी मारलं नाही, मारवलंही नाही. राहिली अनुमोदना. दोन दिवस मी मूठ कौतुकानं चकचकीत करत होते, ते कौतुक कशाचं? अप्पांच्या हाताचं, असं मी म्हणते. पण हात आणि हाड वेगळं कसं करायचं? अप्पांना ठाऊक नव्हतं. मला आता ठाऊक आहे, अडचण तिथंच आहे.

कारागीर म्हणाला, "पट्ट्या काढून शिसवी लाकूड बसवून देतो." मी हो म्हणणारच होते. मग विचारलं, काढलेल्या पट्ट्यांचं काय करणार?

"काय करायचं? टाकायच्या."

म्हणजे त्या जनावराचं जे काही उरलंय ते केरात, आणि माझी मूठ शुद्ध! मला दिसायला नको, एवढंच ना? नुसती धार लावून घेऊन आले.

स्वयंपाकघरात मात्र नेला नाही. त्यानं पार्सलची सुतळी कापते. ही पळवाट आहे, असं नणंद म्हणते. तिला उत्तर देता आलेलं नाही. परवा भाचा म्हणाला, "आत्या, आजोबांचा चाकू मला दे ना." आधी त्याला ते ठिपके दाखवले, मग विचारलं, "आता सांग, हवा?" त्यानं उलटसुलट करून पाहिला, माझ्या हातात परत ठेवला आणि म्हणाला, "उद्या सांगतो."