अनसूयेचा पाळणा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्ष पौर्णिमेला तिन्हीसांजेला आपल्या देवळात पाळणा हलतो. दोरीला हात लागावा म्हणून केवढी गर्दी होते! मग सुंठवडा घ्यायचा आणि घरी परतायचं. यंदा त्या पाळण्यापाशी थोडं थांबू या.

जन्मकथा आपल्याला पाठ आहे. ब्रह्मा, विष्णू, महेश अतिथी होऊन अत्रिऋषींच्या आश्रमी आले, नको ती भिक्षा मागू लागले. अनसूयामातेने तीर्थ शिंपडलं आणि तिघांची तान्ही बाळं झाली. इथे आपण तिच्या पातिव्रत्याला हात जोडतो आणि थांबतो. पण पुढे तिने त्या तिघांना पाजलं, जोजवलं, सांभाळलं. त्रैलोक्य चालवणारे देव, पण तान्हेपणी त्यांनाही दूध लागलं, ऊब लागली. म्हणून मला वाटतं, तान्ह्या जिवाची निगा ही दत्तभक्तांची अगदी आद्य सेवा आहे.

ती सेवा कशी करावी, याचा दाखला गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत शिकून परतले आणि १९८६ मध्ये त्यांनी तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्यांच्या कामाच्या गावांत १९८८ मध्ये दर हजार जन्मांमागे १२१ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. दवाखाना लांब, वाटेत नदी-नाले, आणि बाळंतिणीने घराबाहेर पडायचं नाही ही रीत. आईने बाळाला न्यायचं तरी कसं?

डॉक्टरांनी आधी लोकांचं ऐकलं. आदिवासींना मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांची भीती वाटे, कारण पांढरं कापड प्रेतावर घालायचं. म्हणून दवाखाना गावच्या घरांसारखा बांधला आणि लोकांच्या इच्छेप्रमाणे त्याला त्यांच्या देवीचं नाव दिलं, माँ दंतेश्वरी. देवी आणि डॉक्टर एका आवारात आले, तेव्हा रोगी निर्धास्त झाला.

पण तान्ह्या बाळासाठी तेवढंही पुरेना. मग गावातल्याच बायकांना शिकवून 'आरोग्यदूत' केलं. त्या घरी जायच्या, बाळाचं वजन करायच्या, त्याला उबेत ठेवायच्या. न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायच्या, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनही द्यायच्या. न्यूमोनिया ओळखायला, मोजता न येणाऱ्या सुइणींसाठी, मण्यांची पाटी आणि वाळूचं घड्याळ केलं. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर औषध सुरू करायचं. आपणही रोज माळेचे मणी ओढतो. त्या सुइणीचा जप कुणाला कमी म्हणेल?

माझा उभा जन्म बँकेत आकडे लिहिण्यात गेला, म्हणून आणखी एक गोष्ट मला भावली. तिथे प्रत्येक जन्माची आणि मृत्यूची नोंद ठेवली. खात्यात नोंदच नसेल तर तूट कळणार कशी? त्या नोंदीवरूनच दिसलं की १२१ चा आकडा २००३ पर्यंत ३० वर आला. २०११ मध्ये केंद्र सरकारने ही पद्धत 'आशा' कार्यकर्तींमार्फत देशभर स्वीकारली.

गडचिरोली आपल्यापासून दूर आहे खरी. पण १९९२-९३ साली ज्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, ते जव्हार तालुक्यात, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात. आज तो भाग पालघर जिल्ह्यात गेला. जिल्हा बदलला म्हणून आपली जबाबदारी संपली का? शहापूर, मुरबाडचे पाडे तर अजून आपल्याच जिल्ह्यात आहेत. कल्याणहून सकाळी निघालेला माणूस जेवायच्या वेळेला तिथे पोहोचतो.

कुणी म्हणेल, "देवाचा पैसा देवालाच राहू द्या." मान्य. पण आपले दत्तमहाराज स्वतः झोळी घेऊन दारोदार फिरणारे. त्यांच्या नावाने जमलेला पैसा पेटीत बसून राहिला, तर ते त्यांना रुचेल का?

म्हणून एक नम्र सुचवणी आहे. जन्मोत्सवाला पाळण्यात जे पैसे पडतात, ते वेगळे मोजावेत आणि त्यांची वेगळी वही ठेवावी. आपल्यापैकी चौघांनी एखाद्या पाड्याच्या आरोग्य केंद्रात जावं, तिथल्या आशाताईंना आधी विचारावं, "काय कमी पडतंय?" आपल्या मनाने जुने कपडे आणि औषधं वाटत सुटू नये. नव्या बाळासाठी ब्लँकेट, वजनकाटा, रात्री बाळंतिणीला न्यायला गाडीभाडं, त्या सांगतील ते द्यावं. फोटो नको, फलक नको. पुढच्या जयंतीला हिशेब मात्र देवळाच्या फळ्यावर लावावा.

यंदा दोरी ओढताना डोळे मिटाल, तेव्हा एका पाड्यावरचा पाळणाही आठवा. तोही हलता राहावा, एवढंच मागणं मागू या.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!