बोध म्हणजे जाग

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या सप्ताहात पोथी मिटली की आपण एकमेकांना विचारतो, "काय बोध घेतला?" शब्द ओठावरचा, पण त्याच्या पोटात काय आहे ते पाहायचं राहून जातं.

मूळ संस्कृत धातू 'बुध्'. त्याचा अर्थ जाणणे, तसाच जागे होणे. बुद्ध म्हणजे जागा झालेला. कार्तिकात देव उठतात ती प्रबोधिनी एकादशी. आपलं रोजचं 'समजणं'सुद्धा 'सम्' आणि 'बुध्' यांतूनच, प्राकृताच्या वाटेनं आलेलं. दूर रशियात याच घराण्यातल्या शब्दावरून गजराच्या घड्याळाला 'बुदीलनिक' म्हणतात, म्हणजे उठवणारा!

मी वाशिंदचा. तीस वर्षं पहाटेच्या लोकलनं नोकरीला गेलो. गाडीत डोळा लागायचा. झोपलेल्याला आपण झोपलोय हे कळत नाही. शेजाऱ्यानं खांदा हलवून "उठा, दादर आलं" म्हणावं लागतं. आणि जाग आल्याची खूण एकच, माणूस उठून दाराकडे जातो. "हो, हो" म्हणून पुन्हा मान टाकली तर ती जाग नव्हे.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. नाथमहाराजांनी शके १४९५ मध्ये काशीत पूर्ण केलेल्या भागवतात ते मराठीत आणले. त्यांत एक कुरर पक्षी आहे. चोचीत मांसाचा तुकडा, म्हणून बाकीचे पक्षी त्याच्यावर तुटून पडतात. तुकडा टाकला तेव्हा तो सुखी झाला. हा कुरर मी देवळात कितीदा तरी समजावून सांगितला आहे.

वडील गेले आणि जमिनीचा विषय निघाला. २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिलाय, हे मला ठाऊक होतं. तरी हक्कसोडपत्राचे कागद घेऊन धाकट्या बहिणीकडे गेलो. तिनं ते वाचले. म्हणाली, "सही करते दादा. पण मग माहेरी येत जाऊ ना मी?"

पुढच्या सप्ताहात कुररापाशी आलो आणि शब्द फुटेना. ती चोच माझीच होती.

आपण म्हणतो, कळतं पण वळत नाही. खरं आहे, जाग आल्यावरही अंथरूण सोडवत नाही. पण जागा झालेला निदान तळमळतो. मला तर गाढ झोप होती. म्हणजे इतकी वर्षं मला कळलंच नव्हतं, फक्त पाठ होतं. उठवलं ते बहिणीच्या एका प्रश्नानं. अवधूताला चोवीस गुरू भेटले, माझी पंचविसावी घरातच होती.

कागद फाडले. सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं. मुलगा अजून नीट बोलत नाही. त्याचंही मन मला समजतं. पण बहीण भाऊबीजेला आली तेव्हा काही न विचारता आली.

भक्तमंडळी, यंदा पोथी मिटल्यावर "काय बोध घेतला?" असं विचारण्याआधी मनाला एवढंच विचारू या : उठलास का?

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥