ताळा

सरावसंच सोडवून झाला, मागची उत्तरसूची उघडली आणि उत्तर जुळलं नाही, तर काही मुलं ‘छापील चूक असेल’ म्हणून पान उलटतात. काही मात्र उत्तर हवं तसं येईपर्यंत मधल्या पायऱ्या वाकवत बसतात. कुठे चिन्ह बदलतात, कुठे हातचा सोडून देतात. मला काळजी वाटते ती या दुसऱ्या सवयीची. उत्तर जुळतं, वहीवर बरोबरची खूण येते आणि चूक तशीच आत राहते.

उत्तर जुळणं हा किती कच्चा पुरावा आहे, हे पाहायचं असेल तर आपल्या नाशिकच्या देवळालीतल्या कापरेकर सरांची संख्या हाताशी आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं इथे शाळेत शिकवलं. ६१७४ या संख्येमुळे त्यांचं नाव जगभर गेलं. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येतं.

सरांचं जन्मवर्ष घेऊ, १९०५. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४.

आता तिसऱ्या पायरीवर मुद्दाम चूक करा. ८७२१ मधून १२७८ वजा करताना दशकस्थानी हातचा विसरा. ७४४३ ऐवजी ७४५३ येईल. तसंच पुढे जा: ४०८६, मग पुन्हा ८१७२, आणि तिथून बिनचूक चालत गेलात तर शेवटी ६१७४च. उत्तरसूचीत ६१७४ छापलेलं असेल, तर हे गणित बरोबर ठरणार. मधली चूक कुणाच्याही नजरेला पडणार नाही.

ती पकडतो ताळा. एकाच संख्येचे अंक उलटसुलट मांडून वजाबाकी केली, की उत्तराला नऊने नेहमी भाग जातो. ७४४३ च्या अंकांची बेरीज अठरा, म्हणजे ठीक. ७४५३ ची एकोणीस, म्हणजे इथेच थांबून मागे बघायचं. जुन्या पिढीला नवाचा ताळा तोंडपाठ असे. तो प्रत्येक चूक पकडत नाही, पण जी पकडतो ती ज्या पायरीवर झाली तिथेच. तो शाळेत पुन्हा रोजचा व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आणि खरोखर पुस्तकच चुकलं असेल तर? तेव्हा काय करायचं, ते गणिती भास्कराचार्यांकडून शिकावं. नाशिकहून रेल्वेने भुसावळकडे निघालं की चाळीसगाव लागतं. तिथून जवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची नोंद आहे. त्यांच्या आधी सुमारे चारशे वर्षं होऊन गेलेला लल्ल हा मोठा ज्योतिषी. गोलाचं पृष्ठफळ काढायला त्याच त्रिज्येच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणावं, असा त्याचा नियम होता. सात सेंटिमीटर त्रिज्येचा चेंडू घेऊन बघा. २२/७ धरलं तर वर्तुळाचं क्षेत्रफळ १५४, परीघ ४४ आणि गुणाकार ६७७६. पण हा चेंडू चौदा सेंटिमीटर बाजूच्या खोक्यात नेमका बसतो, आणि त्या खोक्याच्या सहाही बाजूंचं क्षेत्रफळ मिळून होतं ११७६. आत मावणाऱ्या चेंडूचं पृष्ठफळ त्याहून कितीतरी जास्त कसं असेल? सातवीतल्या मुलालाही ही शंका घेता येते, आणि त्यासाठी खरं उत्तर आधी माहीत असावं लागत नाही.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्यात त्यांनी लल्लाचं नाव घेऊन हा नियम खोडून काढला. पण नुसतं ‘चूक’ म्हणून ते थांबले नाहीत. आवळ्यावर वरून खाली रेघा असतात, तशा फाकी गोलावर कल्पून त्यांनी एका फाकीचं क्षेत्रफळ मोजलं, सगळ्यांची बेरीज केली आणि वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट हे उत्तर दिलं. आपल्या चेंडूला ते ६१६ येतं. रीत पायरीपायरीने लिहून ठेवल्यामुळे त्यांचं उत्तर कुणालाही तपासता येतं.

उत्तरसूचीशी न जुळलेलं गणित बाईंकडे किंवा सरांकडे न्यायचं तेही असंच. आधी पुस्तकातलं उत्तर मूळ उदाहरणात घालून बघायचं, मग आपलं घालायचं, आणि दोन्ही ताळे वहीत शेजारी शेजारी मांडायचे. कच्चं काम खोडायचं नाही. चूक आपली असेल तर ती त्याच कच्च्या कामात सापडते. पुस्तकाची असेल, तर बाईंना पुढे कळवायला तेच पान लागतं.