राख, गाळ आणि शुचिता

श्रीमहाकालाच्या नगरीत राखेचे माहात्म्य निराळे सांगावयास नको. पहाटेच्या आरतीत श्रींस भस्म अर्पण होते. आणि घरोघरी चुलीतील राखेनेच भांडी घासली जात. जळून उरलेले शुद्धीच्या कामी येते, हा संस्कार आपणांस जुना आहे. तो केवळ देवघरापुरताच ठेवावा काय, असा आमचा प्रश्न आहे.

इंदूरकडील कान्ह नदी त्रिवेणीपाशी क्षिप्रेस मिळते आणि वर्षानुवर्षे त्या शहराचे सांडपाणी वाहून आणीत आली आहे. सन २०१४ मध्ये नर्मदेचे जल क्षिप्रेत आले. परंतु जल आणल्याने मळ नाहीसा होत नाही. शुद्धीकरण केंद्रातही पाणी निवळते, मात्र रोगजंतूंनी भरलेला गाळ मागे उरतो.

या गाळावर कारखान्यांच्या टाकाऊ वस्तूंचा इलाज करता येतो. सिमेंटच्या भट्टीतील धूळ किंवा चुनायुक्त राख त्यात मिसळली की त्याचा सामू १२ च्या वर जातो, बहुतेक जंतू मरतात व दुर्गंधी दबते. अमेरिकेच्या १९९३ च्या नियमांनुसार चुन्याच्या या प्रक्रियेत सामू दोन तास १२ आणि पुढे बावीस तास ११.५ तरी टिकावा लागतो. आपल्या दगडी कोळशाच्या राखेत चुना बहुधा अल्प असतो. म्हणून तीत वेगळा चुना घालणे भाग पडते. अशा गाळाचे पुढे खत होऊ शकते.

दोन त्याज्य वस्तूंतून एक उपयुक्त वस्तू निर्माण व्हावी, ही गोष्ट खचित आनंदाची आहे. तथापि चुना जंतू मारतो, विषारी धातू नष्ट करीत नाही. राख तर कधी स्वतःचे धातू घेऊन येते. तेव्हा कसून तपासणी न करता ते मिश्रण शेतकऱ्याच्या रानात टाकणे म्हणजे शुद्धी नव्हे. एकाच्या दारची घाण दुसऱ्याच्या ताटात लोटणे होय. तसेच हा गाळ हाताळणाऱ्या मनुष्याचे आरोग्य धोक्यात घालून मिळविलेली स्वच्छता आम्ही शुचिता मानीत नाही. हाताने मैला उचलविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी केली आहे. धर्मबुद्धीला ती त्यापूर्वीच मान्य व्हावयास हवी होती.

२०२८ साली सिंहस्थ येत आहे. त्या स्नानाची तयारी करताना आपल्या मोरीतून गेलेले पाणी कोठे जाते, त्याचा गाळ कोणाच्या वाट्यास येतो, याची चौकशी प्रत्येक कुटुंबाने नगरपालिकेकडे अवश्य करावी, अशी आमची सर्व सभासदांस विनंती आहे.